तिसरा पुकारा

घरमालक कसा असावा हे मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, बाई गं, कसाही असू दे, सकाळी सकाळी ओरडणारा नको. माझ्या नशिबी नेमका तोच आला. उमरग्यात वकिली सुरू केली तेव्हा हायवेच्या मागच्या गल्लीत मी एक पुढची खोली भाड्यानं घेतली. एका बाजूला हैदराबादकडं जाणारे ट्रक आणि दुसऱ्या बाजूला घरमालक काका. ट्रकांची सवय महिन्याभरात झाली. काकांची काही शेवटपर्यंत झाली नाही.

काका कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. उभा जन्म त्यांनी कोर्टाच्या दारात काढला, पुकारा करत. प्रकरण निघालं की दारात येऊन पक्षकाराचं नाव घेऊन हाक मारायची, ती तीनदा. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर साहेब त्याच्यावाचून पुढं जातात, आणि ते बहुतेक त्याच्या विरोधातच जातं. एवढंच काम. पण काकांच्या लेखी न्यायाधीश, वकील, कारकून हे सगळे नंतरचे. न्याय सुरू व्हायचा तो दारातून, त्यांच्या गळ्यातून.

निवृत्त झाल्यावर गळा थांबला नाही. सकाळी ओट्यावर चहाची बशी आणि पेपर घेऊन बसले की पहिली हाक, "नगरपरिषदेचा नळ हाजिर हाय का?" मग थोडं थांबायचे, खरोखर कुणी उत्तर देईल असं. पुन्हा हाक. पुन्हा थांबायचे. तिसऱ्या हाकेनंतर चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "गैरहाजिर. लिहा." मग पेपरातल्या पुढच्या बातमीकडं. रस्त्याचा ठेकेदार, पीकविम्याचा साहेब, दवाखान्यातला डॉक्टर, पुलाचं उद्घाटन करून गेलेले मंत्री, सगळ्यांचा नंबर लागायचा. जिल्ह्याचं नाव बदललं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "झ्याक झालं. आता नळाला बी कळवा कुणीतरी."

आतून काकू ओरडायच्या, "मेलं ह्यांचं कोर्ट! सरकारनं सोडलं तरी ह्यांनी न्हाय सोडलं."

निवडणुकीत तर त्यांना ऊत यायचा. उमेदवार हात जोडत ओट्यापाशी आला की काका त्याला आधी पूर्ण नाव विचारायचे, मग बापाचं नाव, मग राहणार कुठला. तो बिचारा हसत हसत सगळं सांगायचा. मग काका विचारायचे, "आन् सध्या कोणत्या पक्षात?" त्यानं सांगितलं की म्हणायचे, "बरं. हे सकाळचं झालं. सांजच्याला येतो का परत, पुन्हा विचारतो." बरोबरची पोरं फिदीफिदी हसायची. उमेदवारसुद्धा हसायचा, काय करणार, मत पाहिजे ना.

मी तेव्हा नवीन होते आणि लवकर वैतागायची. सकाळी उठून कोर्टात जायचं, दिवसभर बाकावर बसून राहायचं, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन घरी यायचं. अशिलाला तोंड दाखवायची लाज वाटायची. एकदा ओट्यावर बसून मी म्हणाले, "काका, सोडून द्यावंसं वाटतं. कुणाला काही मिळत नाही इथं."

ते पेपर घडी घालत म्हणाले, "वकीलबाई, इन्साफ लई लांबची गोष्ट हाय. आधी माणूस पुकारल्या तर गेला पायजे. ह्या मुलखात निम्मी माणसं अशी हायत, ज्यांचं पुरतं नाव कुणी कधी घेतलेलंच न्हाय. ए बाळ्या, ए काळे, ए म्हाताऱ्या. म्या त्यांचं नाव घेतलं. फैसला काय का होईना."

ही फुशारकी नव्हती. त्यांच्या पुकाऱ्याचे किस्से कोर्टातले जुने वकील अजून सांगतात. काका कुणाच्याही नावात काटछाट करायचे नाहीत आणि कुणाला 'राव'ही लावायचे नाहीत. नाव, बापाचं नाव, गाव. सगळ्यांना एकच पट्टी, एकच आवाज. बौद्धवाड्यातला एक म्हातारा गवंडी वाटेच्या भांडणात साक्षीदार म्हणून आला होता. गावानं त्याला जन्मभर अर्ध्या नावानं हाक मारलेली. काकांनी दारातून त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत घेतलं, तर म्हातारा उठेचना. हे कुणाला बोलवतायत म्हणून मागं वळून बघत बसला. दुसऱ्या हाकेला शेजारच्यानं ढोसलं तेव्हा तो टोपी काढून, पुन्हा घालून, आत गेला. बाहेर येताना त्यानं काकांना विचारलं म्हणे, "माझ्या बापाचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

आणि एक कारखान्याचे संचालक होते. त्यांच्या मागंपुढं चार माणसं, आणि काकांनी त्यांनाही तसंच पुकारलं, नाव, बाप, गाव. संचालक लालेलाल. चेंबरमध्ये तक्रार गेली. साहेबांनी काकांना बोलावून विचारलं की मोठ्या माणसाला थोडं आदरानं बोलवायला काय होतं. काका म्हणाले, "साहेब, दारात समदे सारखे. आत आल्यावर तुमचं तुम्ही बघा." त्या उत्तराची शिक्षा म्हणून त्यांना काही दिवस रेकॉर्डच्या खोलीत धूळ झटकायला बसवलं. पण दारातल्या नव्या माणसाचा आवाज हायवेच्या हॉर्नपुढं टिकेना, लोक बाहेर बसून आणि प्रकरणं आत निकालात, असा गोंधळ झाला. मग काकांना परत दारात आणलं.

तर असा माणूस. सगळ्या जगाचा निवाडा करणारा. आणि घरचं आलं की आंधळा.

काकांना एक धाकटी बहीण होती, गोदावरी. आईबाप मुरुमचे, जमीनही मुरुमच्या वाटेवरच, काळी, विहिरीची. बहीण दिली होती सरहद्दीपलीकडं, कर्नाटकातल्या एका खेड्यात. तिकडं लग्नात नाव बदललं, सुशीला ठेवलं. आपल्याकडं बाईचं हे असंच, कुणी तिला विचारत नाही. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी वर्षभर सांभाळलं आणि मग चुलीपासून उठवलं. कोपऱ्यातली खोली दिली आणि ताटाचं ज्याचं त्यानं बघावं म्हणाले.

भाऊबीजेला ती माहेरी आली. काकूंनी साडी आणली होती, चांगली, काठाची. साडीबरोबर काकांच्या मुलानं, तो पुण्यात नोकरीला असतो, हक्कसोडाचा कागद तयार करून आणला होता. बहिणींनी बापाच्या जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडायचा, हे घरोघरी चालतं. ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. गोदावरीनं ओवाळलं, साडी घेतली, कागद तसाच ठेवला. म्हणाली, "अण्णा, मला उभं राहायला कुठंतरी जागा पायजे. माझा हिस्सा मला दे."

घरात जणू कुणी मेलं. मुलगा ताडकन उठून बाहेर गेला. काकू म्हणाल्या, आजवर इतकं केलं त्याचं हे फळ. आणि काका, जगभरच्या गैरहाजिरांची नावं घेणारे काका, म्हणाले, "हिस्सा घेतलास तर माहेर संपलं. इचार कर."

तिनं विचार केला आणि दावा लावला.

आणि बचावाला त्यांना वकील कोण सापडली? मी. भाड्याच्या खोलीतून नाही म्हणणं सोपं नसतं, पण तेवढंच नव्हतं. मला वाटलं, मी असले तर कधीतरी समजावता येईल. कसलं काय! एका सकाळी पेपर वाचून झाल्यावर मी मुद्दाम म्हणाले, "काका, आज घरचं एक प्रकरण पुकारायचं राहिलं." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "घरचं प्रकरण ह्या ओट्याच्या हद्दीत येत न्हाय," म्हणाले आणि उठून आत गेले.

दावा चालला, म्हणजे रेंगाळला. गोदावरीबाई एसटीनं यायची, कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसायची, पुढची तारीख घेऊन परत जायची. काका दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून उभे. दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत. तिचे वकील कधी असायचे, कधी नसायचे. तिची साक्ष पुढं ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. शेवटी साहेब वैतागले. पुढच्या तारखेला बाई हजर नसली तर दावा काढून टाकतो, असा हुकूम केला.

ती तारीख मला आठवते. तिचे वकील नेमके दुसऱ्या कोर्टात अडकलेले. पुकाऱ्याला नवीन पोरगा, हातात मोबाईल. त्यानं दारात अर्धं पाऊल टाकलं आणि नाकातल्या नाकात म्हणाला, "सुशीला भ्रतार बसवंत." बाहेर दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. बाई लिंबाखाली होती, मला खिडकीतून तिचं लुगडं दिसत होतं. वयानं कान कमी झालेले. ती हलली नाही.

मी गप्प बसले. का नाही बसणार? समोरच्या पक्षकाराला शोधून आणणं हे माझं काम नव्हे. दावा पुन्हा उभा करता येतो, अर्ज द्यावा लागतो, पण त्या बाईत तेवढं बळ उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. आणखी एक हाक, आणखी एक, आणि जमीन काकांची. मुलगा पुण्याहून पेढे घेऊन आला असता.

दुसरी हाक तर पोरानं दारात न जाताच मारली.

माझ्या मागं बाक करकरला. मला वाटलं काका पाणी प्यायला उठले. ते सरळ दाराकडं गेले. पोराच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं आणि म्हणाले, "असं पुकारतात व्हय रे? माणूस बोलवतोय का माशी हाकतोय?" सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. साहेबांनी चष्मा काढला. काका उंबऱ्यावर उभे राहिले, छाती भरून घेतली. मी तेवढ्यात डोळे मिटले, कारण मला माहीत होतं की आता आपली केस गेली. पण त्यांनी कागदावरचं नाव नाही घेतलं. तोंडातून जे आलं ते असं आलं.

"गोदावरी, बाप नागनाथ, राहणार मुरुम! हाजिर हो!"

ट्रक होते की नव्हते मला आठवत नाही. म्हातारी उठली. पदर सावरत, चपला तिथंच टाकून, ती धावत आली. दारात आल्यावर भावाला समोर बघून थबकली. "मला बोलीवलास, अण्णा?" असं विचारलं तिनं. बारा गावांत मिसळलेली तिची ती मराठी, निम्मी कानडी. काका बाजूला सरकले.

साहेब काकांवर चिडले, साहजिक आहे. मग कागद बघून म्हणाले, इथं तर सुशीला आहे, ही गोदावरी कोण? बाई म्हणाली, "लग्नात सुशीला केले, साहेब. जन्माची गोदावरीच." साहेब माझ्याकडं वळले. वादी नागनाथची मुलगी आहे, हे तुमच्या अशिलाला मान्य दिसतं? मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "मान्य हाय." ते आम्ही नाकारलं नव्हतंच, पण बघणाऱ्यांना वाटलं की काकांनी तिथंच सगळं सोडलं.

सोडलं नव्हतं. बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना घेतलं फैलावर. "काका, केस हातात आली होती! काय अवदसा आठवली तुम्हाला?"

"पुकारा बरोबर झाला नव्हता."

"मग नव्हता! तुमचं काय जात होतं?"

त्यांनी हातातला ग्लास फिरवला. "वकीलबाई, नीट पुकारा न देता जो फैसला होतो ना, त्याला फैसला म्हणत न्हायत. त्याला चोरी म्हणतात. म्या चोरी न्हाय केली कधी."

"बरं बाबा. मग आता देऊन टाका तिचा हिस्सा आणि मोकळे व्हा."

"ते येगळं. ते लढू."

काय बोलायचं अशा माणसापुढं? मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खरंच आला. आणि फार थकल्यासारखं वाटलं.

तिची उलटतपासणी मीच घेतली. असल्या दाव्यात ठरलेला प्रश्न असतो, तो मी विचारला. लग्नात वडिलांनी खर्च केला, दरवर्षी भाऊबीजेला तुम्ही यायचात, साडी घ्यायचात, मग इतकी वर्षं हिस्सा का मागितला नाही? म्हणजे तुम्ही तो सोडलाच होता ना?

तिनं माझ्याकडं नाही, काकांकडं बघून उत्तर दिलं. "मागितली असती तर भाऊबीजेला बोलीवला असता का, विचारा."

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी पायातल्या पायात वजन बदललं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय बोलीवलं असतं. लिहून घ्या, साहेब."

मी खाली बसले. पुढं विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

निकाल तिच्या बाजूनं लागला, निम्मी जमीन. अपील करा म्हणून मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा. काका फोन उचलायचे, ऐकून घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. काकूंनी बोलणं टाकलं. ताट समोर आपटायचं, बस्स. मग मुलाचे फोनही थांबले. सकाळी ओट्यावर पेपर यायचा, काका वाचायचे, पण हाका मारायचे नाहीत. गल्लीतले लोक येता जाता चिडवायचे, "काय काका, आज नळाचा पुकारा न्हाय?" ते नुसते मान हलवायचे. मला, जिला त्या हाकांचा इतका वैताग, सकाळ ओकीबोकी वाटायला लागली. एकदा मी विचारलंच, काका, काय झालं?

"बेजार झालो," एवढंच म्हणाले. "दुसऱ्याचं लई बघितलं. आता दम न्हाय."

मोजणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मुरुमच्या शेतावर गेले. जायची गरज नव्हती, पण त्यांच्या घरातून कुणीच निघेना, आणि म्हाताऱ्याला एकटं कसं पाठवायचं? तूर काढून झालेली, रान मोकळं. मोजणीवाल्यानं यंत्र लावलं, दोरी ओढली, मधोमध दगड रोवले. गोदावरीबाई सकाळपासून येऊन एका बाजूला उभी होती, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. काका दुसऱ्या बाजूला. भाऊ आणि बहीण, मध्ये ताजे दगड. विहीर तिच्या वाट्याला गेली होती.

मोजणीवाले सह्या घेऊन निघून गेले. ऊन तापलं होतं. काकांनी घसा खाकरला. शेवटी म्हणाले, "गोदे, घरला चल आता. चार घास खा. तुझी वयनी काय बोलली तर म्या हाय."

इतकं सगळं झाल्यावर ते तिला माहेर परत देत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता ही रडेल, पाया पडेल, आणि आम्ही तिघं रिक्षा करून उमरग्याला जाऊ.

ती रडली नाही. तिनं मान हलवली. "नको, अण्णा. पावणी म्हणून लई जेवले तुझ्या घरी." मग ती विहिरीजवळच्या बोरीखाली गेली. पायानं खडे बाजूला सारून जागा साफ केली. फडकं सोडून ज्वारीच्या भाकरी काढल्या, शेंगाची चटणी काढली, कांदा मुठीनं फोडला. भाकरी तिघांना पुरतील एवढ्या होत्या. घरून निघतानाच तिनं ते ठरवलं असणार.

"ये," ती म्हणाली. "आज माझ्या रानात जेव."

काका दगडापाशी उभे राहिले. आयुष्यात त्यांना बहिणीच्या घरी जेवायला कुणी बोलावलं नव्हतं, कारण तिला स्वतःचं म्हणावं असं घरच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी दगडाच्या अलीकडंच वाकून चपला काढून ठेवल्या, दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतात तशा, आणि अनवाणी पायांनी तापलेल्या मातीतून बहिणीकडं गेले.